पदरातले तीन फ्यूज

लाईट गेली तेव्हा फळी अर्धी चिरून झाली होती. मोटरचा आवाज खाली बसत गेला, चाकं आपल्या ओघानं थोडा वेळ फिरली आणि करवतीचा पट्टा सावरीच्या ओंडक्यात अडकून थांबला. सुगंधा मशीनच्या पलीकडे उभी होती. चिरलेली फळी ओढून घ्यायचं काम तिचं. तिनं हात मागे घेतले आणि दोन्ही तळवे मला दाखवले. मी माझे दाखवले. ही आमची पद्धत होती. मशीन थांबलं की आधी एकमेकांना हात दाखवायचे, मग बोलायचं.

"खिळा होता," ती म्हणाली. "लाईट जायच्या आधीच आवाज बदलला होता. ऐकलात ना?"

"ऐकला."

मी ओंडका मागे ओढून पट्टा मोकळा केला. चार दात गेले होते आणि एका जागी पात्याला बारीक चीर दिसत होती. असा पट्टा पुन्हा चालवला तर तुटून अंगावर येतो. बदलायलाच हवा होता.

"बरं झालं लाईट गेली ते," मी म्हणालो. "तेवढ्यात पट्टा चढवून होईल."

सुगंधानं भिंतीवरचा खटका खाली पाडला. मग स्टुलावर चढली आणि पेटीतून एकेक करून तिन्ही फ्यूज उपसून काढले. पांढऱ्या चिनीमातीचे जुने फ्यूज होते ते.

"लाईट नाही आणि खटका पडलाय," मी म्हणालो. "आता फ्यूज कशाला काढतेस? पुन्हा बसवताना तुझी बोटं दुखतात."

"लाईट काय सासुरवाशीण आहे, निरोप धाडून यायला?"

हे ती दर वेळी म्हणायची. मीही तिनं म्हणावं म्हणूनच दर वेळी विचारायचो. तिनं तिन्ही फ्यूज पदराच्या टोकात घातले, दुहेरी गाठ मारली आणि पदर कमरेला घट्ट खोचला. बांगड्या तर ती सकाळीच कोपरापर्यंत चढवून वर फडकं बांधायची. मशीनवर तिचं काहीही कधी लोंबत नसे.

आमचा कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड. पावसच्या रस्त्याला आमचं गाव. पौषापासून वैशाखापर्यंत आंब्याच्या पेट्यांच्या फळ्या चिरायच्या आणि उरलेलं वर्ष दारं-खिडक्यांची कामं करायची. मशीन माझ्या वडिलांनी घेतलं होतं. त्याला आजच्यासारखा बटणाचा स्टार्टर नव्हता. भिंतीवर लोखंडी खटका होता. वर केला की मशीन चालू. वर असताना लाईट गेली आणि परत आली, तर कुणी न सांगता मशीन आपलं आपण सुरू व्हायचं. त्या वर्षांत लोडशेडिंग होतं. लाईट जायची वेळ ठरलेली असे. यायची वेळही ठरलेली असे, पण ती फक्त पेपरात.

म्हणून आमच्याकडे नियम होता. पट्टा बदलताना एकाचे हात आत असायचे आणि दुसऱ्याकडे फ्यूज असायचे. फ्यूज असलेल्यानं पेटीजवळ जायचं नाही. आतल्यानं काम संपवून दोन्ही दारं लावायची, हात दाखवायचे, मगच फ्यूज मागायचे. हा नियम वडिलांनी घातला होता, पण पाळला सुगंधानं. मी एकटा असतो तर पाळला नसता.

मी चाकांची दारं उघडली, ताणाचा दांडा सैल केला आणि जुना पट्टा गोणपाटानं धरून उतरवला. नवा पट्टा वेटोळं करून ठेवलेला होता. तो सोडताना सापासारखा उसळतो. तोंड बाजूला करून, हात लांब ठेवून सोडायचा. सुगंधानं पलीकडून धरला. दात खाली बघताहेत ना ते दोघांनी पाहिलं, कारण पट्टा उलटा झाला तर लाकूड कापत नाही, नुसतं घासून जाळतो. तो वरच्या चाकावर चढवला. आता खालच्या चाकावर चढवायचा होता.

"धर," मी म्हणालो.

तिनं धरला नाही. मी वाकलेला होतो, मला तिचे पाय दिसत होते. ते पाय मागे सरले आणि ती भुशाच्या ढिगावर बसली.

"अहो," ती म्हणाली, "मला कसंतरी होतंय."

पुढे तिला ओकारी झाली, ती सगळी रक्ताची. भुसा लाल झाला. गेले कित्येक महिने तिचं पोट दुखत होतं आणि ती ओवा खाऊन कामाला उभी राहात होती, हे मला नंतर डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आठवलं.

शेजारच्या रिक्षातून रत्नागिरीला नेलं. वाटेत ती शुद्धीवर होती. एकदा कमरेशी हात नेऊन म्हणाली, "फ्यूज माझ्याकडेच आहेत हां." मी म्हणालो, "असू देत." आमचं शेवटचं बोलणं ते. हॉस्पिटलात तिची साडी उतरवून त्यांचे कपडे घातले आणि साडी प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

तेरावं होईपर्यंत शेड बंद होती. पाहुणे गेले. मुलगी पुण्याला नोकरीवर परत गेली. ती मला बरोबर चला म्हणत होती, मी नाही म्हणालो. राहिला तो सदा, सुगंधाचा धाकटा भाऊ. तिशीचा, टेम्पो चालवायचा. आई लवकर गेल्यामुळे त्याला सुगंधानंच वाढवलं होतं. त्यामुळे तो तिला घाबरायचा आणि तिच्याच घरी सगळ्यात जास्त जेवायचा. सीझनला आमच्याकडे मदतीला यायचा, तेव्हा पेट्या ठोकायचा. मशीनवर सुगंधा त्याला उभं करत नसे. म्हणायची, "मेल्या, तुला धीर नाही. तू पेट्याच ठोक."

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंगणात आला.

"भावजी, बागवाल्या बापूंचा माणूस पुन्हा येऊन गेला. आंबा उतरवून ठेवलाय, पेट्या नाहीत. दुसरीकडे मिळत नाहीत म्हणतो."

"मिळणार कशा? सगळ्यांचाच सीझन आहे."

"मग उघडायची का शेड?"

मी किल्ली घेतली. काम नको असं मला वाटत नव्हतं. उलट काम हवं होतं. घरात बसलो की भांड्यांचा आवाज येत नाही हे ऐकू यायचं.

सदानं मशीनपुढे नारळ फोडला. मी दारातच उभा राहिलो. पट्टा आम्ही सोडला होता तसाच होता. वरच्या चाकावर चढलेला आणि खाली मोकळा लोंबणारा. पलीकडची बाजू सुगंधानं धरली होती, तिथे गोणपाटाचा तुकडा पट्ट्याला अजून अडकलेला होता. खालचा भुसा कुणीतरी भरून टाकला होता. कुणी ते मी विचारलं नाही.

"भावजी?"

"हं."

"पेटीत फ्यूज नाहीत."

"माहीत आहे."

"कुठे आहेत?"

हॉस्पिटलातली पिशवी माजघरात खुंटीला अडकवलेली होती. तिला कुणी हात लावला नव्हता. मुलीनं लावला नाही, मी लावला नाही.

"तुझ्या तायच्या पदरात," मी म्हणालो.

सदानं रिकाम्या पेटीकडे बघितलं. मग हलक्या आवाजात म्हणाला, "राहू देत ना तसेच. तांब्याची तार मारतो पेटीत. आजचा दिवस चालेल. उद्या मी रत्नागिरीहून नवीन आणतो."

"तार नको."

"सगळे मारतात."

"सगळे मारू देत. तार मारली की पट्टा बदलताना काढणार काय? मी फ्यूज घेऊन येतो. तोवर तू पेटीला हात लावू नकोस, आणि मशीनलाही."

"बरं," तो म्हणाला. "जा तुम्ही, सावकाश या."

मी घरात गेलो आणि खुंटीवरून पिशवी काढली. ती घेऊन माजघरात जमिनीवर बसलो. पिशवी उघडल्यावर आधी औषधाचा वास आला, मग रक्ताचा आणि सगळ्यांच्या खाली सावरीच्या भुशाचा. साडी पोपटी होती, रोजच्या कामाची. तिच्या घडीत भुसा होता. मी पदर शोधला. गाठ होती तशीच होती, त्या साडीच्या मानानं फार जड. बोटानं चाचपलं तर आत तिन्ही लागले.

मी ती गाठ सोडायला गेलो आणि नखाला ती येईना. दुहेरी गाठ होती, वर एक पीळ घेतलेला. दातानं सुटली असती. विळी समोर होती, विळीनं तर कापता आली असती. पण मी नुसता धरून बसलो. ती गाठ तिच्या बोटांनी मारलेली होती. त्यानंतर तिच्या बोटांनी दुसरं काही केलेलं नव्हतं. मी सोडली की ते संपत होतं.

किती वेळ गेला मला माहीत नाही. मध्ये डोक्यावरचा पंखा थांबला. लाईट गेली, एवढं मनात आलं. आता तासभर तरी मशीन चालणार नाही म्हणजे घाई नाही, असंही आलं आणि मी आणखी बसून राहिलो.

मग मी ठरवलं की गाठ सदानं सोडावी. बहीण त्याची होती. लहानपणी तिच्या पदराला धरून हिंडला होता, खाऊचे पैसे त्याच पदरातून सोडून घेतले होते. त्याला जमेल. मी साडी हातावर घेतली आणि मागच्या दारानं शेडकडे निघालो.

शेडच्या दारात आलो तेव्हा बाहेरच्या उन्हातून आत काही दिसेना. मग दिसायला लागलं. सदा पाठमोरा, गुडघ्यावर बसलेला. मशीनचं खालचं दार उघडं. त्याचे दोन्ही हात आत. डाव्या हातानं तो चाक फिरवत होता आणि उजव्या हातानं पट्टा चाकावर ढकलत होता. पट्टा जवळजवळ चढला होता.

माझी नजर भिंतीकडे गेली. पेटीत तीन जागी तांब्याची तार चकाकत होती. आणि खटका वर होता.

त्यानं तार मारली होती, मशीन फिरतं का बघायला खटका वर केला होता, आणि नेमकी तेव्हाच लाईट गेलेली असणार. खटका वर करून काही झालं नाही की माणूस म्हणतो लाईट नाही आणि तिथून निघून जातो. खटका खाली करायचं राहून जातं. घरच्या पंख्याचं बटण आपण रोज असंच विसरतो.

"सदा, हात काढ!"

त्यानं हात काढला नाही, मान वळवली. घामानं डबडबलेला होता, पण चेहऱ्यावर हसू होतं.

"झालंच, भावजी. लाईट नाहीये. तुम्ही—"

वरचा बल्ब लागला.

मोटरनं एकदम हिसका घेतला. मी खटक्याकडे धावलो आणि खाली ओढला. दारापासून खटका लांब नव्हता. पण मशीनला तेवढंही लागत नाही. पट्टा चाकावरून उसळला, पत्र्यावर आपटला आणि तुटून दारातून बाहेर गेला. मोटरचा आवाज खाली बसत गेला.

सदा ओरडला नाही. तो तसाच गुडघ्यावर होता. त्यानं माझ्याकडे तोंड केलं आणि दोन्ही हात वर करून मला दाखवले. इतकी वर्षं पेट्या ठोकता ठोकता तो आम्हा दोघांना तसं करताना बघत आला होता. डावा तळवा चांगला होता. उजव्याला अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट होतं. पुढची तीन नव्हती.

"भावजी, बघा हो," तो म्हणाला. "किती गेलं?"

माझ्या हातात बांधायला एकच वस्तू होती. मी ती साडी त्याच्या हाताभोवती गुंडाळली. घट्ट, आणखी घट्ट, मनगटाशी पीळ देऊन. पोपटी रंग भराभर काळा पडत गेला. शेवटी पदर उरला. तो मी वरून दोनदा घेतला आणि खोचला. गाठ त्याच्या मनगटावर आली आणि फ्यूज एकमेकांवर वाजले.

"हात वर धर. खाली आणू नकोस."

"हे वाजतंय काय?"

"काही नाही. वर धर."

रिक्षा तीच होती. रिक्षावाल्या मयेकरनं आमच्याकडे बघितलं आणि चालू केली. वाटेत सदाला थंडी वाजायला लागली. मी त्याला धरून ठेवला होता, त्याचा हात माझ्या खांद्यावर उभा करून. प्रत्येक खड्ड्याला फ्यूज माझ्या कानाशी वाजत होते.

"भावजी, तुम्ही रागावलात?"

"बोलू नकोस."

"तुम्ही दारात थांबलात ना सकाळी, तो पट्टा बघून. मी बघितलं. तुमच्यानं आत येववेना. मी म्हटलं, हे फ्यूज घेऊन येतील तोवर आपण चढवून टाकू. पुन्हा तुम्हाला तसा लोंबताना दिसायला नको."

मी त्याचा हात आणखी वर धरला.

हॉस्पिटलात त्याला टेबलावर घेतलं. नर्स बाई वयानं मोठी होती. तिनं साडी सोडायला घेतली आणि गाठीशी थांबली.

"हे काय बांधलंय? देवाचा अंगारा-बिंगारा आहे का? नंतर म्हणाल टाकून दिलं."

"फ्यूज आहेत," मी म्हणालो.

"काय?"

"फ्यूज. मशीनचे."

तिनं माझ्याकडे बघितलं, सदाकडे बघितलं. तिनं कात्री घेतली आणि गाठीच्या मागून पदर कापला. सोडवायला वेळ नव्हता. कचकन आवाज झाला. ती गाठ तिनं मला दिली आणि म्हणाली, "बाहेर बसा."

बाहेर तोच बाक होता. त्याच बाकावर दोन आठवड्यांपूर्वी मी पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. आता नुसती गाठ होती. मागचं कापड कापल्यामुळे ती आपोआप सैल पडली. मी काही केलं नाही, नुसती मूठ उघडली, तर तिन्ही फ्यूज तळहातावर होते. एकाची कड उडाली होती. बाकी दोन चांगले होते.

संध्याकाळी मला सदाजवळ बसू दिलं. हाताला एवढं मोठं पांढरं गाठोडं. चेहरा उतरलेला. तो छताकडे बघत होता.

"भावजी, ताय असती तर काय म्हणाली असती?"

"शिव्या घातल्या असत्या."

"मग घाला ना तुम्ही. कुणीतरी घाला."

मला शिव्या येत नाहीत. आमच्या घरात ते खातं तिच्याकडे होतं. पण तो माझ्याकडे बघत होता, लहान मुलानं बघावं तसा. मी घसा खाकरला आणि तिच्यासारखं म्हणायला गेलो.

"मेल्या, लाईट काय सासुरवाशीण आहे—"

पुढचं मला म्हणता आलं नाही. सदानं म्हटलं. "निरोप धाडून यायला," असं म्हणाला आणि उशीत तोंड घालून रडायला लागला. मीही रडलो. ती गेल्यापासून मी रडलो नव्हतो. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या मुलीनं आम्हाला पाणी आणून दिलं आणि विचारलं, "कोण गेलं?" सदा म्हणाला, "बोटं गेली." मी म्हणालो, "त्याची बहीण."

बापूंनी त्या वर्षी आंबा पुठ्ठ्याच्या खोक्यांतून पाठवला. पुढे सगळेच पाठवायला लागले.

मशीन विकू नका असं सदाच म्हणाला. टेम्पो त्याला पुन्हा धड चालवता आला नाही. आता या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. मशीनला बटणाचा स्टार्टर बसवलाय, लाईट जाऊन परत आली तरी ते आपोआप सुरू होत नाही. तरी फ्यूजची पेटी मी काढलेली नाही. पट्टा बदलायचा झाला की सदा स्टुलावर चढतो, डाव्या हातानं तिन्ही फ्यूज उपसतो आणि रुमालात बांधून लांब, दाराबाहेर जाऊन बसतो. मी पट्टा चढवतो, ताण देतो, हातानं चाक फिरवून तो मधोमध बसलाय ना बघतो आणि दोन्ही दारं लावतो. मग त्याला हाक मारतो.

रोजच्या कामात तो मशीनच्या पलीकडे असतो, सुगंधाच्या जागी. फळी ओढून घेतो. डाव्या हातानं आणि उजव्याच्या दोन बोटांनी जेवढी ओढता येते तेवढी. मशीन थांबलं की तो हात मागे घेतो आणि दोन्ही तळवे मला दाखवतो. मी माझे दाखवतो.

मग आम्ही बोलतो.